जुन्या गाड्या भंगारात काढण्याआधी आयटीआयला द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महामार्गावर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांवर आपण नुकताच अग्रलेख लिहिला. त्यातलं रस्त्याबद्दलचं वाक्य न् वाक्य मला मान्य आहे. वरोऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिनाचं तापलेलं पाणी थंड करणारा रेडिएटर गाडीच्या अगदी तोंडाशी असतो, त्यामुळे टक्कर झाली की पहिला तोच फुटतो आणि माझ्याकडे येतो. चेपलेल्या कोअरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या जाळीत, मोटारसायकलच्या आरशाचे तुकडे रुतलेले मी पाहिले आहेत. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याची बाजू माझ्याकडून घेतली जाणार नाही.

पण अग्रलेखाच्या शेवटी मोटारशर्यत हा प्रकारच पैसेवाल्यांच्या पोरांचा माज आहे, त्यातून समाजाच्या हाती काही लागत नाही, असा सूर आहे. तिथे मला लिहिणं भाग पडलं. एका जातीच्या शर्यतीची तयारी करताना माझ्या धंद्यातलं जवळपास सगळं ज्ञान कामी येतं, आणि ते ज्ञान आपल्या तालुक्यातल्या आयटीआयच्या पोरांना अशाच तयारीतून मिळू शकतं. एवढंच माझं म्हणणं आहे. ते पटायचं असेल तर थोडं बोनेट उघडून आत पाहावं लागेल.

माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तो माझ्याच दुकानात असायचा. रेडिएटरला हवा देऊन टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते शोधायचा, हे काम त्याला फार आवडे. त्यानं तिकडच्या तीन दोस्तांबरोबर वर्गणी करून एक जुनी माझदा मियाटा घेतली, १९९२ची. दोन सीटांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. बोनेटमधून दिवे वर उठतात ती. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि २०१६पर्यंत तिच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख गाड्या बनल्या. म्हणून जुन्या बाजारात तिचा सुटा माल मुबलक मिळतो. इंजिन १६०० सीसीचं, पुढे बसवलेलं. ओढ मागच्या चाकांना. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. वजन कमी म्हटलं की ब्रेक, टायर, बेरिंग, सगळ्यांचाच भार कमी होतो. हौशी लोक लांब पल्ल्याच्या शर्यतीला ही गाडी का निवडतात, ते यातच आलं.

लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे तिकडे ज्याला एन्ड्युरन्स म्हणतात ती. फ्रान्समध्ये ल मॅन्सला २४ तासांची शर्यत १९२३पासून होते. ती बड्या कंपन्यांची. हौशी लोकांनी तिचाच धागा धरून आपल्या ऐपतीच्या शर्यती काढल्या. २००६मध्ये कॅलिफोर्नियात ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ सुरू झाली. गाडी ५०० डॉलरच्या आतली पाहिजे हा तिचा मूळ नियम. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की सुरक्षेच्या सामानाचा खर्च त्या ५०० डॉलरांत धरतच नाहीत. चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, रेसिंग सीट, पट्टे, आग विझवायची सोय, इतकंच काय ब्रेक आणि टायरसुद्धा हिशेबाबाहेर. जिथे जिवाचा प्रश्न तिथे काटकसर करू नका, हे त्यांनी नियमातच बसवून टाकलं. एका गाडीला चार-पाच चालक, पाळीपाळीनं चालवायची. नावात २४ तास असले तरी बहुतेक शर्यती दोन दिवसांत मिळून चौदा-पंधरा तासांच्या असतात. ठरलेल्या वेळात ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला.

आता गाडीच्या तयारीकडे येतो. भाच्याचा फोन इकडच्या रात्री यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी मोबाइल लोखंड पकडायच्या व्हाइसला टेकवून ठेवायचो आणि तो तिकडे गाडीखाली झोपून एकेक वस्तू दाखवायचा. माझ्याकडे शिकणारी दोन पोट्टेही बाजूला उभी राहायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, पाणी इंजिनात शिरतं कुठून आणि निघतं कुठून, तेवढं दाखव.

त्यानं दाखवलं आणि माझ्या लक्षात आलं की शिरायचं तोंडही पुढे आणि निघायचं तोंडही पुढेच. हे असं का, तर त्या इंजिनाचं घराणं पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांचं. तिथे इंजिन आडवं बसतं, पाणी एका टोकाला शिरतं आणि दुसऱ्या टोकाला निघतं. मियाटात ते उभं बसवलं, मागचं टोक केबिनच्या भिंतीला खेटलं, म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच वाट उघडणारी झडप, आणि पाणी निघायचं तोंड पुढे आणलं. रोजच्या वापराला त्यानं काही अडत नाही. पण तासन्‌तास साडेसहा हजार आरपीएमवर पळवलं की फरक दिसायला लागतो. पाणी जवळची वाट धरतं. पुढच्या सिलिंडरांना भरपूर मिळतं आणि भिंतीकडचा चौथा सिलिंडर तापत राहतो. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, पॅकिंग जायचं असेल तर पहिली शंका तिथलीच घ्यायची.

याच्यावरचा उपाय तिकडच्या हौशी लोकांनी शोधून ठेवलेला आहे. थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला न्यायचा, पुढचं तोंड बंद करायचं आणि मागून एक जाड होज, म्हणजे रबरी नळी, इंजिनाच्या कडेनं थेट रेडिएटरपर्यंत आणायची. मग पाण्याला चारही सिलिंडरांवरून गेल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. भाच्यानं त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका इंजिनाचं तोंड जुन्या बाजारातून मिळवलं आणि हे काम घरच्या गॅरेजमध्ये केलं. त्याच्यानंतर खरं कष्टाचं काम उरतं, ते म्हणजे हवा काढणं. वाट बदलली की हवा अडकायच्या जागाही बदलतात. मी त्याला गाडीचं नाक जॅकवर उंच घ्यायला लावलं, झाकण काढून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि होज हातानं दाबत राहा म्हटलं. बुडबुडे थांबले तरी थांबायचं नाही. थर्मोस्टॅट उघडला की दडलेली हवा पुन्हा वर येते.

“मामा, काटा तर मधातच आहे, गाडी गरम नाही,” तो म्हणाला.

“काट्यावर जाऊ नको. वरच्या आणि खालच्या होजला हात लावून पाह्य.”

त्या गाडीच्या तापमानाच्या काट्याची गंमत अशी की पाणी बरंच तापेपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही. चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून तो तसा ठेवलेला आहे. शर्यतीला असा काटा बिनकामाचा. त्याहून वाईट म्हणजे पाणी सगळं सांडून गेलं की सेन्सर नुसत्या हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. चालक म्हणतो गाडी थंड झाली, आणि आत हेड वाकत असतं. म्हणून आम्ही अंश दाखवणारा वेगळा मीटर लावला आणि जोडीला पाण्याच्या दाबावर चालणारा एक लाल दिवा. दाब पडला की दिवा पेटतो, तापमान काहीही असो.

दाबाचं निघालं म्हणून रेडिएटरच्या झाकणाबद्दलही सांगतो. लोक रेडिएटर बदलायला पाच-सहा हजार रुपये घालवतात आणि झाकणाकडे बघतही नाहीत. झाकणाची स्प्रिंग ०.९ बारचा दाब धरून ठेवते, म्हणून साधं पाणी १०० अंशांना न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की ते अठरा अंश गेले. माझ्याकडे ‘गाडी गरम येते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये निव्वळ झाकणावर भागणाऱ्या कितीतरी असतात. मी आधी झाकण तपासतो, मगच रेडिएटर उतरवतो.

वाऱ्याचंही तसंच. हवा आळशी असते, रेडिएटरच्या जाळीतून शिरण्यापेक्षा बाजूनं निसटणं तिला सोपं जातं. मियाटाच्या नाकाखाली एक प्लास्टिकचा पत्रा असतो. जुन्या गाडीत तो तुटतो आणि लोक फेकून देतात. तो गेला की समोरून आलेली हवा खालून पळून जाते आणि हायवेला गाडी तापते, मग नवा रेडिएटर टाका नाहीतर नवा पंखा. भाच्यानं खालचा पत्रा नवा बनवला, नाकापासून रेडिएटरपर्यंतच्या सगळ्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं आणि फोमच्या पट्टीनं बुजवल्या. एवढ्यावर तापमान किती उतरलं, ते त्यानं मला मीटरवर दाखवलं. खर्च जवळजवळ काहीच नाही.

हे माझ्या पोट्ट्यांना समजावून सांगायला मला दूर जावं लागलं नाही. सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर कुटार बसतं. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, आत बोटभर थर असतो. कोळशाच्या ट्रकचा रेडिएटर तर काळ्या चिखलानं लिंपलेला येतो. बोअरचं जड पाणी ओतून ओतून नळ्यांत क्षार जमलेला असतो, तो सळई घालून खरवडावा लागतो. अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाडीत काय आणि खांबाड्याच्या ट्रॅक्टरमध्ये काय, पाण्याला वाट आणि हवेला वाट, या दोनच गोष्टी.

ब्रेकचं काम माझं नाही, पण त्यात जे समजलं ते फार मोलाचं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, तेच ओल पिऊन जुनं झालं की १५५लाच उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पायाखालचं पेडल तळाला जातं. समोर वळण असताना. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी ते लोक सगळं ऑइल बदलतात, चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपातली हवा काढतात. आपल्याकडे गाडी विकत घेतल्यापासून विकेपर्यंत ब्रेक ऑइल बदललेलंच नसतं, नुसतं वरून भरतात. मेळघाटात चिखलदऱ्याचा घाट उतरणाऱ्या गाड्या मनात आणा, मग ही गोष्ट केवळ शर्यतीची राहत नाही.

पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि फिरतं तो बेरिंगचा भाग, हा त्या गाडीचा आणखी एक नाजूक भाग. चिकट टायर लावून सतत वळणं घेतली की बाहेरच्या चाकावर भार येतो, बेरिंग तापतं, ग्रीस पातळ होतं. हौशी लोक नवा हबसुद्धा उघडतात, त्यातलं कारखान्याचं ग्रीस धुऊन जास्त तापमान सोसणारं ग्रीस भरतात आणि नट टॉर्क पान्यानं मोजून आवळतात. मग प्रत्येक नट-बोल्टवर पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढतात, अर्धी नटवर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. रेघ जुळत नसली की नट फिरला, पाना लावायची गरज नाही, नुसतं वाकून पाहायचं. गाडी पेट्रोलला थांबली की एक माणूस टॉर्च घेऊन त्या रेघा बघत फिरतो. मला ही रीत इतकी आवडली की आता माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक फॅनच्या आणि माउंटिंगच्या बोल्टवर तशी रेघ असते.

सुरक्षेच्या सामानाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे दुमत नाही. पिंजरा नळाच्या पाइपचा चालत नाही, ठरलेल्या जाडीच्या आणि ठरलेल्या प्रतीच्या स्टीलच्या पाइपचाच लागतो आणि तपासनीस वेल्डिंग चारी बाजूंनी बघतो. पट्ट्यांवर तारीख असते, ती उलटून गेली की दिसायला नवे असले तरी बाद. हेल्मेटला मान धरून ठेवणारं उपकरण जोडावं लागतं. पेट्रोल भरताना इंजिन बंद, चालक गाडीबाहेर, भरणारा आगरोधक कपड्यांत आणि त्याच्याजवळ विझवण्याचं नळकांडं घेऊन दुसरा माणूस उभा; तेवढा वेळ गाडीला दुसरं कोणतंही काम करायचं नाही. अनेक ट्रॅकवर रेडिएटरमध्ये कुलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं रसायन, घालू देत नाहीत, कारण ते सांडलं तर रस्ता निसरडा होतो. तिथे साधं पाणी आणि गंजरोधक एवढंच.

शर्यत झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाल दिवा पेटला. मीटरवर तापमान ठीक होतं. चालवणाऱ्या पोरानं मीटरवर विश्वास ठेवला नाही, दिव्यावर ठेवला. तिथल्या तिथे ट्रॅकच्या बाहेर घेऊन इंजिन बंद केलं. गाडी ओढून आणली. केबिनच्या भिंतीजवळची अंगठ्याएवढ्या जाडीची हीटरची होज क्लिपच्या काठानं चिरली होती. क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली की तिची धार रबरात शिरते. सुट्या सामानाच्या पेटीत तसल्या होजचा तुकडा होता, बदलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वेळ गेला तो वाट बघण्यात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हे भाच्याला लहानपणापासून ठाऊक होतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियमवर एकदम थंड पाणी पडलं की ते वाकतं नाहीतर तडकतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना आपल्या रस्त्यावर वाफ ओकणाऱ्या गाडीत लोक बाटलीभर फ्रीजचं पाणी ओततात आणि मग हेडच्या कामाला हजारो रुपये घालवतात, ते मी दर उन्हाळ्यात बघतो. दोस्त घाई करत होते, भाच्यानं कोणालाही झाकणाला हात लावू दिला नाही.

या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. एक फेरी दोन मिनिटांची, म्हणजे वीस फेऱ्या गेल्या. आता कोणी म्हणेल, वेग वाढवून भरून काढा. दर फेरीत एक सेकंद वाचवला तरी २४०० सेकंद भरून यायला २४०० फेऱ्या लागतील आणि १४ तासांत फेऱ्या होतात सगळ्या मिळून ४२०. अग्रलेखात आपण ज्या वेगाच्या नशेबद्दल लिहिलं, तिला या शर्यतीत काही किंमतच नाही, ती या हिशेबामुळे. त्यांच्या बाजूच्या खोपटात एक फार तेज गाडी होती, ती पहिल्याच दुपारी ट्रेलरवर चढली. भाच्याची गाडी निकालात मधातच कुठेतरी आली, पण मैदानातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे जवळपास प्रत्येक तालुक्याला शासकीय आयटीआय आहे. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दहावीनंतर दोन वर्षांचा. तिथून निघालेली पोट्टे माझ्याकडे शिकायला येतात. हुशार असतात, अंगात कष्ट असतो. पण कापून ठेवलेल्या इंजिनावर शिकलेल्या पोराला सहा तास चाललेलं इंजिन कसं वास मारतं, ते माहीत नसतं. होज हातात घेतल्यावर ती कधी चिरणार हे बोटांना कळावं लागतं. ते कळण्यासाठी गाडी खूप वेळ चालवावी लागते, बिघडू द्यावी लागते आणि घड्याळ पुढे सरकत असताना दुरुस्त करावी लागते. ग्राहकाच्या गाडीवर हा प्रयोग होऊ शकत नाही.

गाड्या कुठून आणायच्या, हाही प्रश्न नाही. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या भंगारात काढायचं केंद्र सरकारनं ठरवलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयांच्या आवारात अशा गाड्या झाडाखाली उभ्या असतात, टायर जमिनीत रुतलेले, बोनेटवर वेल चढलेला. त्या कापायच्या तर आहेतच. कापण्याआधी दोन वर्षांसाठी एकेक गाडी एकेका आयटीआयला द्या. नोंदणी रद्दच असल्यामुळे ती रस्त्यावर येणार नाही. चेसिस नंबर कागदावर राहील. दोन वर्षांनी ती ठरल्याप्रमाणे भंगार केंद्रात जाईल. शासनाला यात धेल्याचं नुकसान नाही. माझं मत विचाराल तर उंच जीप देऊ नका, वळणावर कलतात. जुनी मारुती ८०० अशा हलक्या पेट्रोल गाड्या बऱ्या. स्पोर्ट्स कार कोणाकडे नाही, तिचं इथे कामही नाही. शिकायचं आहे ते टिकवणं.

आणि वर्षाकाठी एकदा, दिवाळीनंतरच्या थंडीत, विदर्भातल्या आयटीआयच्या या गाड्या बंद मैदानावर सहा तास चालवा. एका वेळी मैदानात एकच गाडी, किंवा एकमेकींना गाठूच शकणार नाहीत अशा दोन वेगळ्या वाटा. वेगाला ४० किलोमीटरची मर्यादा. चालवायला शिक्षक किंवा परवानाधारक प्रौढ. पोरांचं काम तयारी आणि दुरुस्तीचं. तरीही पट्टे, हेल्मेट आणि विझवण्याचं नळकांडं सक्तीचं. पिंजरा नसलेल्या दोन गाड्या एका वाटेवर कधीही सोडू नयेत, इथे मला कोणतीही सूट मान्य नाही. निकाल फेऱ्यांवर नको, सहा तासांनंतर गाडीच्या हालतीवर लावा. पाणी किती कमी झालं, चाक हलवल्यावर खेळ किती, ब्रेक ऑइलचा रंग काय, पिवळ्या रेघा जुळतात का. बिघाड झाला तर तो कोणत्या पोरानं किती लवकर ओळखला, याला वेगळे गुण.

पेट्रोल वाया जाईल असं म्हणणारे भेटतील. छोट्या गाडीला त्या वेगानं सहा तासांना वीस-पंचवीस लिटर लागेल. ट्रॅक्टर एका दिवसाच्या नांगरणीत त्याहून जास्त डिझेल पितो.

मैदानाचंही उदाहरण आपल्या देशात आहे. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक विमानपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिच्यावर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, आणि इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक त्यानंतर झाला. आधी ट्रॅक हवा, मग शर्यत, असा क्रम तिथेही नव्हता. आपल्या भागात विमान क्वचितच उतरणाऱ्या धावपट्ट्या आहेत, बंद पडलेल्या कारखान्यांची मोठी आवारं आहेत, बाजार समित्यांची सिमेंटची मैदानं हंगाम नसताना मोकळी असतात. ४० किलोमीटरच्या वेगाला तेवढं पुरतं. जिल्हाधिकारी, परिवहन कार्यालय आणि आयटीआयचे प्राचार्य एका टेबलाशी बसले तर परवानगीचा कागद तयार व्हायला अडचण दिसत नाही.

रस्त्यावर गाडी पळवणाऱ्या पोराला पोलिसांनी जरूर पकडावं. पण त्याला गाडीत रस आहे, ही गोष्ट मी गुन्ह्यात धरत नाही. त्यातल्या अनेकांनी कधी बोनेट उघडलेलं नसतं. टायरवर कारखान्याची तारीख छापलेली असते आणि ती वाचायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून माणसं मेल्याच्या बातम्या आपणच छापता. टायर तपासायची सवय फलक लावून लागत नाही. सहा तास चालून आलेल्या गाडीचं चाक काढून आतल्या कडेची झीज एकदा डोळ्यांनी पाहिली की ती लागते.

आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा आणि कौशल्य विकास खात्यापर्यंत न्यावा, अशी माझी मागणी आहे. माझ्या वाट्याचं काम मी आत्ताच सांगून ठेवतो. चंद्रपूर, यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या कोणत्याही आयटीआयनं अशी गाडी घेतली, तर तिचा रेडिएटर मी उतरवून, नळ्या साफ करून, टाकीत तपासून देईन. पितळी असेल तर झाळून देईन, प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर टाकी बदलून देईन. मजुरी घेणार नाही. अट एकच, पोट्ट्यांना सोबत पाठवा आणि काम त्यांच्या हातून होऊ द्या. गाडी दिवाळीच्या सुमारास मात्र आणू नका, तेव्हा सोयाबीनच्या मळणीचे ट्रॅक्टर दारात रांगेनं उभे असतात. जानेवारी ते मार्च कधीही आणा.

आपला,
एक रेडिएटर कारागीर,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर